मेरूचं तोंड जिकडे

वारज्यात डोंगराच्या पायथ्याशी रस्ता जिथे संपतो, तिथल्या शेवटच्या रो-हाऊसपुढे उन्हाळ्यात रोज दुपारी एक छोटा टेम्पो येऊन थांबायचा. गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी उतरायची. गल्लीत नव्याने राहायला आलेलं कुणीतरी हटकून विचारायचं, "काय हो, लग्नकार्य आहे वाटतं घरात?"

"छे हो," उल्का सांगायची, "कुत्रा आहे."

आणि हे सांगताना तिची मान जराशी ताठ व्हायची.

कुत्रा म्हणजे मेरू. भोटिया जातीचा. हिमालयात मेंढपाळांच्या कळपांबरोबर जी अस्वलाएवढी कुत्री फिरतात, त्यातला. काळाभोर, छातीवर तांबूस ठिपका, मानेभोवती सिंहासारखी आयाळ. त्याने पंजा हातावर ठेवला की उल्काचा तळवा दिसेनासा व्हायचा. तिचा धाकटा दीर आमोद उत्तराखंडात रस्त्यांच्या कामावर इंजिनिअर होता. त्याने हे पिल्लू लोकरीच्या टोपीत घालून आणलं होतं. माधव, म्हणजे उल्काचा नवरा, तेव्हा म्हणाला होता, "पुण्याच्या उन्हात हा? एका उन्हाळ्यात याचं पिठलं होईल."

पिठलं झालं नाही, ते उल्कामुळे. डांबर तापायच्या आत त्याला फिरवून आणायचं. दुपारी बर्फाची लादी फोडून घमेल्यात टाकायची, ओल्या टॉवेलवर त्याला लोळू द्यायचं. मार्केट यार्डातून लाल भोपळे गोणीने आणायचे, कारण शिजवलेला भोपळा आणि भात कोंबडीत कालवला की त्याचं पोट बिघडत नाही, हे तिचं तिनेच शोधून काढलं होतं. चैत्रात त्याच्या अंगाची आतली लोकर सुटायची. फणी फिरवता फिरवता उल्काचे खांदे भरून यायचे आणि अंगणात काळ्या ढगांसारखे पुंजके उडत राहायचे.

"उल्काताई, एक गादी भरून द्या की आम्हाला," शेजारच्या नीरजाताई कुंपणावरून म्हणायच्या. "अर्धी तर आमच्या अंगणात आलीच आहे."

माधव पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचा, "या घरात एसी कुत्र्याला आणि पंखा नवऱ्याला. शिस्त म्हणजे शिस्त."

पण माधवलाही मनातून अभिमान होता. पाहुणे आले की तोच त्यांना बुटांच्या कपाटाशी नेऊन भिंतीवरचा लोखंडी पट्टा दाखवायचा. बाहेरच्या बाजूने बोटभर लांबीचे टोकदार खिळे असलेला तो गळपट्टा आमोदने एका मेंढपाळाकडून आणला होता. बिबट्या कुत्र्याची मान धरतो म्हणून रात्री राखणीला बसवताना हा पट्टा घालतात. वारज्यात तो घालायची वेळ कशाला येणार? तो आपला शोभेला टांगलेला.

खरी अभिमानाची गोष्ट मात्र संध्याकाळी घडायची. दिवेलागणीला उल्काने देवापाशी निरांजन लावलं की मेरू उठायचा आणि घरभर फेरी मारायचा. जो जिथे असेल तिथे जाऊन त्याच्या हाताला ओलं नाक लावायचा. माधवच्या, उल्काच्या, आणि हॉलला लागून असलेल्या खोलीत पलंगावर बसलेल्या सासूबाईंच्या, मथुराबाईंच्या. त्या म्हणायच्या, "लागली रे बाबा माझी हजेरी." सगळे जागच्या जागी आहेत अशी खात्री पटली की तो जेवायचा आणि उंबऱ्यात आडवा पडायचा. पाठ घराकडे, तोंड बाहेर.

"मेंढ्या मोजतो तो," आमोदने सांगितलं होतं. "आपण त्याच्या मेंढ्या. एखादी बाहेर राहिली तर हा जेवत नाही, वहिनी. आणि एक लक्षात ठेवा. याचं शेपूट जिकडे, तिकडे आपली माणसं. याचं तोंड जिकडे, तिकडे धोका."

हे वाक्य उल्काने गल्लीत एवढ्या वेळा सांगितलं होतं, की नीरजाताई ती तोंड उघडायच्या आत ते पुरं करायच्या.

जानेवारीत मथुराबाई गेल्या. दवाखान्यात नेलं ते नेलंच, घरी परत आल्या नाहीत. दवाखान्यातूनच थेट वैकुंठ स्मशानभूमीत नेलं. दिवसकार्यं झाली, पाहुणे पांगले. मेरू बरेच दिवस संध्याकाळी त्या रिकाम्या पलंगापाशी जाऊन थांबायचा. मग हळूहळू थांबेनासा झाला. त्यांच्या खोलीचं दार उल्काने उघडंच ठेवलं होतं. सासूबाईंनी ते जन्मात कधी लावलं नव्हतं. "दार लावलं की मेल्यासारखं वाटतं गं," त्या म्हणायच्या. "भांड्यांचा आवाज यावा, तुमचं भांडण ऐकू यावं... तेवढीच करमणूक."

एप्रिल फार कडक निघाला. एका रविवारी उजाडता उजाडता उल्का आणि माधव मेरूला गाडीत घालून खडकवासल्याला पाण्यावर घेऊन गेले. तशी ती नेहमीच जात, पण यंदा पाणी फार मागे हटलं होतं. जिथे एरवी लाटा लागत, तिथे भेगाळलेला गाळ पसरला होता. त्याच्यापलीकडे, कधी उघडी न पडलेली जमीन काळी, ओली चमकत होती. तिथून एक वास येत होता. फार वर्षं झाकून ठेवलेल्या भांड्याचं झाकण काढावं, तसा.

मेरू नेहमीप्रमाणे पाण्याकडे धावला. निम्म्या वाटेत थांबला. त्याची आयाळ हळूहळू उभी राहिली. तो भुंकला नाही, गुरगुरलाही नाही. उल्का त्याच्या पुढे जायला लागली, तसा तो आडवा होऊन तिच्या गुडघ्यांना टेकला. मग तो मागे सरकू लागला. पाण्याकडे तोंड ठेवून, एकेक पाऊल मागे, उल्काला पाठीने ढकलत. थेट गाडीपर्यंत.

"रिव्हर्स गिअर शिकवलास वाटतं," माधव म्हणाला.

उल्काला हसू आवरेना. तिने मोबाइलवर त्याचं चित्रण केलं. समोर कुणीही नव्हतं. फक्त गाळ आणि त्यावरून येणारी सकाळची मऊ वाफ.

त्या संध्याकाळपासून मेरू घरात थांबेना.

निरांजन लागलं, त्याने घाईघाईने दोघांच्या हातांना नाक लावलं आणि तो फाटकाशी जाऊन उभा राहिला. आडवा पडला नाही, उभा राहिला. फाटकाच्या गजांमधून रस्त्याकडे बघत. मध्येच आत यायचा, पुन्हा दोघांना हुंगायचा, पुन्हा फाटकाशी. जेवण तसंच राहिलं. रात्री त्यावर मुंग्या चढल्या.

"वर डोंगरावर बिबट्या आला असेल," माधव म्हणाला. "तोंड बाहेर आहे ना त्याचं? मग धोका बाहेर."

"बिबट्या असता तर भुंकून गल्ली डोक्यावर घेतली असती त्याने. हा अवाक्षर काढत नाहीये."

वन खात्याचा माणूस येऊन बघून गेला. ठसे नाहीत, काही नाही. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. फाटकाच्या बाहेर, मेरूच्या नाकासमोर, रस्त्यावर पाण्याचं लहानसं थारोळं दिसायला लागलं होतं. उल्काला वाटलं, लाळ. एवढा मोठा जीव, उन्हात उभा राहतो, गळणारच.

नीरजाताईंना तसं वाटलं नाही. "आम्ही टँकरच्या पाण्यात डाळ धुऊन तेच पाणी झाडांना घालतो, उल्काताई," त्या कुंपणावरून म्हणाल्या. "तुमच्याकडे रस्ता धुण्याइतकं येतं का? नाही, आम्हालाही नंबर द्या टँकरवाल्याचा."

"अहो, लाळ आहे ती."

"लाळेला गाळाचा वास येतो?"

उल्काने वाकून बघितलं. वास येत होता खरा. पण मेरूने खडकवासल्याला चिखल तुडवला होता, तो आयाळीत कुठेतरी राहिला असेल. तिने त्याला शाम्पूने खसाखसा धुतलं. तो निमूट उभा राहिला. मान मात्र फाटकाकडेच.

मग तो भिंतीवरच्या लोखंडी पट्ट्यापाशी जाऊन बसायला लागला. नाकाने पट्टा ढकलायचा. खिळे भिंतीवर खरर्र वाजायचे. उल्काच्या डोळ्यांत पाणी यायचं. "फिरायला जायचंय का रे राजा? या उन्हात नको..." ती पट्टा आणखी वरच्या खिळ्याला टांगून ठेवायची.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट दाबून बघितलं. आजार सापडेना. "पण वहिनी, एवढा मोठा प्राणी या दिवसांत उपाशी राहिला तर मूत्रपिंडांवर परिणाम होतो," ते म्हणाले. "आणखी एक-दोन दिवस बघू. नाहीतर याला थंड हवेत हलवा. खरं सांगू? हा इथला नाहीच."

ते शेवटचं वाक्य उल्काला फार लागलं. घरी येऊन माधवने आमोदला फोन केला. मेरू खात नाही एवढंच सांगितलं. शनिवारी गाडीने निघायचं, मेरूला तिकडे डोंगरात आमोदकडे सोडून यायचं, असं ठरलं.

उल्का स्वयंपाकघरात भोपळा चिरत ऐकत होती. विळीवर तिचा हात थांबला. ज्याला पिल्लू असताना आपण बाटलीने दूध पाजलं, उन्हात तापू नये म्हणून रात्र रात्र ओले टॉवेल बदलले, त्याला काय होतंय हे आपल्याला कळू नये? अख्ख्या पुण्यात मेरूची नस आपल्याइतकी कुणाला ठाऊक आहे?

आणि चिरता चिरता तिला उत्तर सापडलं. इतकं सोपं, की तिला स्वतःचाच राग आला.

मोजतो आहे तो. पुन्हा पुन्हा मोजतो आहे आणि मोजणी जुळत नाहीये. एखादी बाहेर राहिली तर हा जेवत नाही. कोण राहिलं होतं बाहेर? कोण घरातून गेलं आणि परत उंबऱ्यात आलंच नाही?

शुक्रवारी संध्याकाळी तिने अंग धुतलं, सासूबाईंनी दिलेली नारायणपेठी नेसली, निरांजन लावलं. दुसरं निरांजन हातात घेऊन ती फाटकाशी गेली. वारा पडला होता. डोंगर काळा होत चालला होता, पण आभाळात अजून उजेड होता. नीरजाताईंकडे टीव्ही लागलेला होता, आणि तरीही फाटकापाशी कानात दडे बसल्यासारखी शांतता होती. गाळाचा वास असा दाट, की जिभेला लागावा.

मेरू उभा होता. इतक्या दिवसांच्या उपासाने त्याची कूस आत गेली होती, पाय थरथरत होते, पण तो तसूभर हलला नव्हता. ती जवळ गेली तसा तो तिला आडवा आला. तिच्या गुडघ्यांना अंग टेकून त्याने तिला मागे लोटलं. एकदा, दोनदा.

"अरे हो... हो," उल्का कुजबुजली. "कळलं मला. आणते हं त्यांना आत."

तिने कडी काढली. मेरूच्या छातीतून एक आवाज निघाला. तिने तो आधी कधीच ऐकला नव्हता. घंगाळ जमिनीवरून ओढावं तसा, खोल. आणि तो उघड्या फाटकात आडवा उभा राहिला.

मेरू एका शब्दावर ऐकतो, ही उल्काची आणखी एक अभिमानाची गोष्ट. भर बाजारात मांजर आडवं गेलं तरी तिच्या एका शब्दावर तो जागच्या जागी थांबतो.

"मेरू," ती म्हणाली, "बाजूला."

त्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं. ती नजर उल्का अजून विसरलेली नाही. त्या क्षणी तिला ती आनंदाची वाटली होती.

तो बाजूला झाला.

निरांजनाची ज्योत हलली नाही. उल्काने रिकाम्या रस्त्याकडे बघून, पदर डोक्यावर घेऊन म्हटलं, "आई... या आत. मेरू वाट बघतोय तुमची. तुमचंच घर आहे."

काहीही झालं नाही. गार असं काहीतरी तिच्या पावलांवरून सरकल्यासारखं वाटलं, इतकंच. उन्हाळ्यात फाटकापाशी वाऱ्याची झुळूक यावी तसं. मेरू गर्रकन वळला आणि तिच्या आधी घरात धावला. त्याने माधवच्या हाताला नाक लावलं, मागून आलेल्या उल्काच्या हाताला लावलं, आणि मग ताटलीत तोंड घालून तो उभ्या उभ्या जेवला. अधाशासारखं, ताटली फरशीवर सरकत जाईपर्यंत. लढाईवर निघालेला माणूस जेवेल तसं, असं माधव नंतर म्हणाला. त्या क्षणी मात्र दोघंही रडत होती आणि हसत होती.

"मी म्हटलं नव्हतं?" उल्का डोळे पुसत म्हणाली. "कुणाला कळलं? डॉक्टरांना कळलं? वन खात्याला कळलं?"

"नाही बाई. तू म्हणजे तूच," माधव म्हणाला. "उद्याचं डिझेल वाचलं."

दारापासून सासूबाईंच्या खोलीपर्यंत फरशीवर ओली रेघ उमटली होती. मेरूचे पाय, म्हणून उल्काने फडकं घेतलं. पुसता पुसता तिचं लक्ष गेलं. मेरूचे पंजे कोरडे होते.

तेवढ्यात सासूबाईंच्या खोलीचं दार लागलं. आपटलं नाही. कुणीतरी आतून, आवाज होऊ नये अशा बेताने, सावकाश लावून घ्यावं तसं.

"वारा," माधव म्हणाला.

 ते दार लावलेलं उल्काने या घरात आल्यापासून कधी बघितलं नव्हतं.

तिने आमोदला फोन लावला. आनंदाची बातमी आधी द्यावी, म्हणून. जेवला, आमोद, सगळं जेवला! तिने त्याला एका दमात सगळं सांगितलं. फाटक, मोजणी, निरांजन, आई. 

"वहिनी..." आमोद म्हणाला. "आत्ता तो... झोपलाय कसा?"

उल्काने वळून बघितलं.

मेरू उंबऱ्यात नव्हता. तो सासूबाईंच्या बंद दारापुढे, दाराला अगदी लागून बसला होता. शेपूट तिच्याकडे आणि माधवकडे. तोंड आतल्या दाराकडे. वरच्या खिळ्याला टांगलेला लोखंडी पट्टा त्याने कसा काढला कोण जाणे, तो त्याच्या पुढच्या दोन पंजांमध्ये पडला होता.

उल्का गेली. वाकली. तिने तो पट्टा त्याच्या गळ्यात घातला आणि बक्कल लावलं. मेरूने एकदा तिचा हात चाटला. दारावरची नजर काढली नाही.

याला आता वर्ष होत आलं. तुम्ही त्या गल्लीत गेलात तर शेवटच्या घरापुढे अजूनही बर्फाची लादी उतरताना दिसेल. उल्का आता टेम्पोवाल्याला लादी थेट हॉलमध्ये आणायला सांगते. मेरू फिरायला जातो तो एका वेळी एकाच माणसाबरोबर, आणि झटपट परततो. तेवढा वेळ दुसरा माणूस अंगणात उभा राहतो. ते घर विकायचं का, असं आमोदने विचारलं होतं. "आणि घेणाऱ्याकडे मेरू कुठे असेल?" उल्का म्हणाली.  आपल्या हातून जे आत आलं, ते दुसऱ्याच्या पदरात टाकायचं नाही, एवढं तिचं ठरलेलं आहे. ते दार कुणी उघडलेलं नाही. आतूनही उघडलेलं नाही.

"बघा," उल्का येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, आणि मान तशीच ताठ करते. "रात्रंदिवस बसतो. एक रात्र चुकली नाही याची. साऱ्या पुण्यात असा राखणदार दाखवा."

अभिमान खोटा नाही. तिने त्याची आयाळ विंचरून ठेवलेली असते, खिळ्यांना तेल लावलेलं असतं. फक्त हल्ली विंचरताना फणीत पांढरे केस येतात. डोंगरातल्या मोठ्या कुत्र्यांचं आयुष्य लहान असतं. हे डॉक्टरांनी तिला सांगायची गरज नाही.

आणि आणखी एक गोष्ट आहे, ती उल्का कुणालाच सांगत नाही, माधवलासुद्धा. रोज सकाळी केर काढताना ती मेरू बसला असेल ती जागा बघते. तो हलत नाही, असं सगळ्यांना वाटतं. पहिल्या दिवशी त्याचे पंजे दाराला लागून असलेल्या फरशीवर होते. दिवाळीत ते एक फरशी मागे आले.

आज सकाळी तो आणखी एक फरशी मागे सरकलेला होता. तोंड दाराकडेच ठेवून.